पीक पाहणी आणि रेंजचा घोळ

2021 पासून पिकाची नोंद आपणच मोबाईलवरून करतोय. पण आंदर मावळ, पवन मावळात डोंगराआड रेंज येते-जाते, पावसाळ्यात तर विचारूच नका. मग वैतागून बरेच जण नोंदच सोडून देतात. माझ्या मते हे महागात पडतं. नुकसानभरपाई असो की सरकारी भात खरेदी, सातबाऱ्यावर भाताची नोंद आहे का, हे आधी पाहतात.

लोकेशन उपग्रहावरून मिळतं, त्याला रेंज लागत नाही. आपल्या गटात उघड्यावर उभं राहून फोटो घ्या, माहिती भरा आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करा. रेंज दिसूनही नेट चालेना, तर फ्लाइट मोड दहा सेकंद चालू करून बंद करा. तरी नाही जमलं तर फोन बंद करून परत चालू करा. अपलोड होईपर्यंत ॲप मात्र काढू नका, भरलेली माहिती जाईल.

गावभर दर हंगामात हेच होत असेल, तर दोष फोनचा नाही. ग्रामसभेत टॉवरचा ठराव घ्या. एकट्याने ओरडून कोण ऐकतंय? आणि नोंदीसाठी शेवटच्या तारखेची वाट बघू नका.