चिकित्सालयातील संगणक : आधी प्रोसेसर की मदरबोर्ड?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि हरसूलसारख्या गावी चिकित्सालय चालविणाऱ्या आम्हां वैद्यांपुढे एक अनपेक्षित प्रश्न उभा राहिला. संगणक व्यवस्थित चालतो, रुग्णांच्या नोंदी त्यात आहेत. तरीही तो विंडोज ११ साठी अपात्र! सुरक्षेची डागडुजी थांबलेले यंत्र इंटरनेटला जोडून त्यात रुग्णांची खाजगी माहिती ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही.

अशा वेळी सभासद विचारतात, "इंटेल घ्यावा की एएमडी?" त्याआधी मदरबोर्ड किती वर्षे साथ देईल हे विचारावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. विंडोज ११ साठी साधारणतः इंटेलची आठवी पिढी वा एएमडीची रायझन २००० मालिका लागते. इंटेलच्या सातव्या पिढीच्या मदरबोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. सॉकेटचे नाव मात्र दोन्हींकडे एलजीए ११५१ च! याउलट एएमडीच्या एएम-४ सॉकेटच्या २०१७ मधील कित्येक मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत केल्यास २०२२ पासून रायझन ५००० मालिकाही चालू लागली. म्हणजे एकाच वर्षी घेतलेल्या दोन संगणकांपैकी एकाचा प्रोसेसर बदलून भागते, तर दुसऱ्याचा मदरबोर्डच बदलावा लागतो. खरेदीच्या दिवशी हा भेद कोणत्याही दुकानदाराने सांगितल्याचे आम्हांस स्मरत नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि दुरुस्तीसाठी त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक गाठावे लागते. त्या दिवशी चिकित्सालय बंद. आठवडे बाजाराला आलेले पाड्यांवरील रुग्ण परत जातात. म्हणून ६५ वॅटच्या आसपासचा, चित्रप्रक्रिया अंगभूत असलेला प्रोसेसर पुरेसा मानावा. इंटेलच्या आय-५ १४६००के सारख्या प्रोसेसरची कमाल मागणी १८१ वॅटपर्यंत जाते. नोंदींच्या हलक्या कामात तो तेवढी वीज घेत नाही हे खरे. परंतु मग ती शक्ती विकत तरी कशास घ्यावी?

२०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भावही चढले आहेत. जुनी डीडीआर-४ मेमरी हाताशी असेल तर ती चालणारा एएम-४ किंवा एलजीए १७०० मदरबोर्ड घेणे शहाणपणाचे. मात्र एलजीए १७०० चे काही मदरबोर्ड डीडीआर-५ चे असतात, तेव्हा पाहून घ्यावे. सर्वच नव्याने घ्यावयाचे असल्यास आमचा कल २०२२ मध्ये आलेल्या एएम-५ कडे आहे. त्यास डीडीआर-५ च लागते, पण पुढे केवळ प्रोसेसर बदलण्याची वाट मोकळी राहते.

आणि एक. जुने यंत्र देताना त्यातील हार्ड डिस्क काढून स्वतःजवळ ठेवावी.