आमटी प्लास्टिकमध्ये गरम करू नका

फ्रीजमध्ये आईस्क्रीमचा डबा दिसला तर लगेच खूश होऊ नका. आत बहुतेक कालची आमटी असते! चांगला डबा टाकून देणं आपल्या लोकांना जमत नाही. मला ही सवय आवडते. पण तोच डबा आमटीसकट मायक्रोवेव्हमध्ये जातो, ते मला मुळीच पटत नाही. का, ते सांगते.

तुमच्या गळ्यात, समोरच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी आहे. पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात, घरात सगळे थायरॉइडच म्हणतात. अन्नातलं आयोडीन घेऊन ती हार्मोन्स तयार करते. शरीराचं काम किती वेगाने चालेल, ते ही हार्मोन्स ठरवतात. ती कमी पडली तर थकवा येतो, थंडी वाजते, वजन वाढतं. पोटातल्या बाळाच्या मेंदूलाही ती लागतात. सुरुवातीला बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, म्हणून ते आईच्याच हार्मोन्सवर अवलंबून असतं. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथे.

आता प्लास्टिककडे वळू. काही कडक, पारदर्शक प्लास्टिकमध्ये बीपीए नावाचं रसायन असतं. मऊ प्लास्टिकमध्ये थॅलेट्स असू शकतात. अन्न गरम असेल, तेलकट असेल, तर अशी रसायनं त्यात जास्त उतरतात. आणि फोडणीची आमटी तर गरमही असते, तेलकटही! बीपीएची रचना थायरॉइडच्या हार्मोनशी थोडी मिळतीजुळती आहे. चुकीची किल्ली कुलपात अडकली की खरी किल्ली आत जात नाही ना? प्रयोगशाळेत बीपीए हार्मोनची वाट तशीच अडवताना दिसलं आहे.

माणसांवरच्या अभ्यासांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. काहींमध्ये हार्मोन्सच्या पातळीत थोडा फरक दिसला, काहींमध्ये नाही. म्हणून “मावशीला थायरॉइड आहे तो प्लास्टिकमुळेच” असं कृपया म्हणू नका. आयोडीन कमी पडणं, किंवा शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर हल्ला करणं, ही त्याची मोठी कारणं आहेत. घरात काचेचे डबे आणले म्हणून मावशीची गोळी बंद होत नाही.

मग पक्का पुरावा मिळेपर्यंत थांबायचं का? माझ्या मते, नाही. बाळांच्या दुधाच्या बाटल्यांमध्ये बीपीए वापरायला युरोपने २०११ मध्ये आणि अमेरिकेने २०१२ मध्ये बंदी घातली. छान झालं. पण नंतर अनेक वस्तूंमध्ये त्याच्या जागी बीपीएस आलं. नाव बदललं, घराणं तेच! डब्यावर “बीपीए-फ्री” लिहिलेलं असतं, पण त्याऐवजी काय घातलंय ते लिहिलेलं नसतं. हे कंपन्यांनी लिहायलाच हवं. “मायक्रोवेव्ह सेफ” लिहिलं असलं, तरी डब्यातून अन्नात काहीच उतरणार नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

तुम्हाला फक्त अर्ध्या मिनिटाचं काम आहे. आमटी काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढा आणि मग गरम करा. (स्टीलचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये नको!) शाळेत गरम जेवण न्यायचं असेल तर आजीचा स्टीलचा डबा उत्तम. मैत्रिणी हसल्या तर हसू द्या. आणि आईस्क्रीमचा डबा टाकू नका हं. बटणं, सुईदोरा, रबरबँड ठेवायला तो अगदी झकास आहे.