ठरलेल्या कुस्तींतील दगा

ब्रेट हार्ट श्रेष्ठ कीं शॉन मायकेल्स, हा वाद कुस्तीशौकिनांत अद्यापि मिटलेला नाहीं. त्याचें मूळ दि. 9 नोव्हेंबर 1997 रोजीं कॅनडांतील मॉन्ट्रियल शहरीं झालेल्या सामन्यांत आहे. हार्ट हे कॅनडाचेच. पट्टा त्यांच्याकडे होता, आणि ते लवकरच प्रतिस्पर्धी कंपनींत जावयाचे होते. या धंदेवाईक कुस्तींत निकाल अगोदरच ठरलेला असतो. त्या दिवशीं हार्ट यांनीं पट्टा गमवावयाचा नाहीं, असें ठरलें होतें. परंतु मायकेल्स यांनीं हार्ट यांचाच पेच त्यांच्यावर घातला असतां, ते शरण आले नसतांहि, मालक विन्स मॅकमहन यांनीं घंटा वाजवावयास लावली! मायकेल्स आपणांस कांहीं ठाऊक नव्हतें असें पुष्कळ दिवस म्हणत; पुढें त्यांनीं खरें तें कबूल केलें.

मायकेल्स यांचे कैवारी विचारतात, ‘मुळांतच लटकी कुस्ती, तींत फसवणूक ती कसली?’ प्रश्न बिनतोड दिसतो, पण आम्हांस पटत नाहीं. नाटकांतील तलवार लाकडी असते, म्हणून सोबत्यानें खरी आणून मारावी काय? पेच घालूं देणारा मल्ल आपला देह विश्वासानें दुसऱ्याच्या हातीं देतो. त्या शब्दावरच हा सारा खेळ उभा आहे. स्वदेशांत मायकेल्सकडून हरणार नाहीं, हा हार्ट यांचा हेका खरा. पट्टा परक्या कंपनींत जाईल, ही मालकाची धास्तीहि खरी. पण हेक्यास उत्तर तोंडावर देतां आलें असतें.

जानेवारी 2010 मध्यें उभयतांनीं सर्वांसमक्ष हस्तांदोलन केलें. त्यांचे पक्षपाती मात्र अजून भांडतच आहेत.