मांजऱ्याकाठचे पाणघोडे



आपली मांजरा पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. 2016 च्या उन्हाळ्यात धनेगावचे मांजरा धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. याच नदीच्या खोऱ्यात एकेकाळी पाणघोडे राहत होते, असे सांगितले तर मुले हसतील. पण त्यांचे दात आणि हाडे नदीकाठच्या गोट्या-वाळूच्या जुन्या थरांत सापडली आहेत. सोबत हत्तींचीही.

ही गोष्ट प्लाइस्टोसीन नावाच्या काळातली. तो सुमारे 25.8 लाख वर्षांपूर्वी सुरू झाला आणि 11,700 वर्षांपूर्वी संपला. पृथ्वी पुन्हा पुन्हा गारठत होती. 20,000 वर्षांपूर्वीच्या सुमारास इतके पाणी बर्फात अडकले होते, की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. मराठवाड्यात बर्फ आला नाही, पण थंडीच्या काळात मान्सून दुबळा होई.

आपला काळा दगड लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हत्ती, पाणघोडे यांची हाडे त्यात मिळत नाहीत. ती मिळतात नद्यांनी नंतर आणून टाकलेल्या गाळात. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात सापडलेल्या प्राचीन हत्तीबद्दल पिलग्रिम यांनी 1905 मध्ये लिहिले. या हत्तीच्या 'नमाडिकस' या शास्त्रीय नावात नर्मदा आहे.

पाणघोडा दिवसाचा बराच वेळ पाण्यात काढतो, नाहीतर त्याची कातडी उन्हाने फाटते. म्हणजे त्याचा एक दात सापडला, तर तिथे उन्हाळ्यातही डोह भरलेले असत असे समजावे. पुढे भारतातले पाणघोडे नामशेष झाले. हवामान कोरडे होत जाणे हे त्याचे एक कारण अभ्यासक सांगतात. पाणी गेले की मोठमोठे प्राणीही टिकत नाहीत, हा धडा दुष्काळी जिल्ह्याला नवा नाही.

पण ही साक्ष आज ट्रॅक्टरमधून चालली आहे. वाळू उपसताना पात्र आणि काठ दोन्ही खरवडले जातात. हाड वाळूबरोबर जाते आणि बांधकामाच्या ढिगात फुटते. एकदा जागेवरून हलले, की ते कोणत्या थरातले हे कळत नाही, आणि त्याचे वयही सांगता येत नाही.

म्हणून घरातल्या मुलांना एवढे सांगून ठेवा. नदीकाठी, विहिरीच्या खोदकामात दगडासारखे जड हाड दिसले, तर ते फोडू नका, उपटू नका. हत्तीची दाढ आडव्या पट्ट्यांची, किसणीसारखी असते. पाणघोड्याच्या झिजलेल्या दाढेवर तीन पाकळ्यांची नक्षी दिसते. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, गाव आणि जागा लिहा, मास्तरांना दाखवा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अशा हाडांचा अभ्यास होतो, तिथे कळवा.

आपल्या मातीचा इतिहास आपल्याच मुलांच्या हातून वाचू शकतो.