जुनी मोटार आणि उसनी प्रतिष्ठा

जुन्या वस्तूंविषयी दोन परस्परविरुद्ध मते आमच्या मध्यमवर्गात एकाच छपराखाली सुखाने नांदत असतात. आजोबांचे घड्याळ, आजीची पैठणी, माजघरातला तांब्याचा बंब यांचे कौतुक करताना आम्हांस शब्द पुरत नाहीत. परंतु दुसऱ्याने वापरलेली मोटार शेजाऱ्याच्या दारात उभी राहिली की त्याच तोंडून 'शिळी' हा शब्द बाहेर पडतो. याच्या उलट दुसरा एक पंथ अलीकडे चांगलाच बळावला आहे. त्याचे म्हणणे असे की, नव्या छोट्या मोटारीच्या किमतीत जर एखाद्या कारखान्याच्या संचालकाने वापरलेली मोठी, ऐसपैस सेडान मिळत असेल, तर छोटी घेणारा मूर्ख होय. पहिला पंथ जुन्या मोटारीस नाक मुरडतो, दुसरा तिच्या बॉनेटवरील चिन्हास नमस्कार करतो. आमचे भांडण दोघांशीही आहे. आणि त्यासाठी लागणारा पुरावा आम्ही स्वतःच्या पदरच्या पैशाने विकत घेतलेला आहे.

प्रथम नाक मुरडणाऱ्यांचा समाचार घेऊ. मोटारीच्या विम्यासाठी तिची किंमत कशी धरावी याचे एक कोष्टक आपल्या देशात रूढ आहे. सहा महिने उलटून वर्ष भरेतो १५ टक्के घट, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५०. म्हणजे पाचव्या वर्षी गाडी निम्मी झाली. परंतु ती खरोखर निम्मी झाली काय? तिचे आसन निम्मे मऊ राहिले काय? तिचे पोलाद निम्मे पातळ झाले काय? निम्मी झाली ती तिची नवलाई, आणि त्या नवलाईचे पैसे पहिल्या धन्याने चुकते केले. अशी गाडी घेण्यात कमीपणा कसला? शिवाय ह्या गाड्या कोणा परलोकातून अवतरलेल्या नाहीत. मर्सिडीजची ई-क्लास १९९५ साली पुण्यात टेल्कोच्या आवारात जुळवली जाऊ लागली. स्कोडाचा कारखाना २००१ साली औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराजवळ, शेंद्र्यास उभा राहिला. आपल्याच मुलांनी ज्यांचे बोल्ट आवळले, त्या गाड्यांना आपणच शिळ्या म्हणावे, ह्यास आम्ही अभिरुची म्हणत नाही. पोकळ डौल म्हणतो.

आता दुसऱ्या पंथाकडे वळू, कारण अधिक घातक तो आहे. त्याच्या हिशेबात एकच चूक आहे, परंतु ती घर बुडवणारी आहे. गाडीची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पंचवीस लाखांची गाडी सहा लाखांस मिळाली, तरी तिचा गिअरबॉक्स पंचवीस लाखांच्याच गाडीचा राहतो. तिचे टायर रुंद, तिची बॅटरी महागड्या जातीची, तिच्या दिव्यांत लहानसा संगणक. गाडीचे वय झाले हे विमा कंपनी मात्र विसरत नाही. निराळे जादा संरक्षण घेतलेले नसेल तर अपघाताच्या दाव्यात रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांची ती निम्मीच किंमत देते. गाडी पाच वर्षांपुढची असेल तर धातूच्या भागांतून ४० टक्के कापते, दहा वर्षांपुढची असेल तर ५०. म्हणजे भाग नव्या भावाने घ्यावयाचा आणि भरपाई जुन्या भावाने मिळावयाची. हे गणित ज्याने मांडले नाही त्याने मोटार घेतली नाही, दुसऱ्याच्या मोठेपणाची उसनवारी केली.

हे आम्ही कोणत्या अधिकाराने लिहितो, असे वाचक विचारतील. आम्हीही त्याच पंथाचे होतो. २०१८ साली आम्ही आठ वर्षांची एक मोठी सेडान सहा लाखांस घेतली. पहिले वर्ष वैभवात गेले. बिऱ्हाडाच्या फाटकाशी गाडी उभी राहिली की आमचीही मान किंचित ताठ होत असे, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या पावसाळ्यात, मातोश्रींस घेऊन साताऱ्यास जात असता, खंबाटकी घाटात समोरच्या काचेखाली एक लहानसा पाना उमटला आणि गाडीने एकही गिअर घेण्यास नकार दिला. मागे मालमोटारींचे भोंगे, वर धोधो पाऊस, आणि मागच्या आसनावर चौऱ्याहत्तर वर्षांच्या मातोश्री जपमाळ ओढीत बसलेल्या.

तिच्या स्वयंचलित गिअरबॉक्सात दोन क्लच असतात. एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. पुढचा गिअर आधीच तयार असल्यामुळे गाडी लोण्यासारखी धावते. परंतु आमच्या गाडीतले क्लच कोरड्या जातीचे. शहरातल्या इंचाइंचाने सरकणाऱ्या गर्दीत ते घासून तापतात, आणि त्यांस हुकूम देणारा विद्युत्-यांत्रिक भाग एक दिवस थकतो. तो बदलण्याचा अंदाज निघाला एक लाख नव्वद हजार. एवढीच रक्कम घरात होती, आणि ती मुलीच्या वसतिगृहाच्या शुल्कासाठी बाजूस काढलेली होती.

येथे दलाल महाशय पुढे झाले. ते म्हणाले, "साहेब, संगणक लावून दोषाची नोंद पुसून घ्या. महिना-दीड महिना काही कळायचं नाही. गिऱ्हाईक मी आणतो." आणि त्यांनी ते खरोखरच आणले. एक तरुण शिक्षक, त्याची पत्नी व कडेवर मूल. गाडी सुरू झाली, अंगणातून पुढे-मागे झाली. त्या बाई मागे बसल्या, त्यांनी आसनाच्या कातड्यावरून एकवार हात फिरवला आणि एवढेच विचारले, "लांबच्या प्रवासात त्रास देत नाही ना?" दलाल हसले. आम्ही गप्प राहिलो. हे 'गप्प राहिलो' लिहिताना आजही लेखणी अडखळते. तेवढ्यात ओसरीवरून मातोश्री म्हणाल्या, "अगं, मागच्याच महिन्यात खंबाटकीत बंद पडली होती. मी होते ना आत."

व्यवहार अर्थातच मोडला. दलालांनी आमच्याकडे जो कटाक्ष टाकला त्यात तिरस्कार होता. मातोश्रींनी जो टाकला त्यात तो नव्हता, म्हणूनच तो अधिक लागला. आम्ही मुलीच्या महाविद्यालयास विनंती करून शुल्क दोन हप्त्यांत भरले आणि गाडी नीट दुरुस्त केली. आमचा खरा मुद्दा येथेच सुरू होतो.

आपली भाषा पाहा. आपण म्हणतो, 'गाडीने खर्च काढला'. जणू गाडी ही एखादी कजाग बाई असून तिने मुद्दाम उकरून काढावे! खर्च गाडीने काढला नव्हता. तो खरेदीच्या दिवशीच तेथे होता, आपण त्याकडे पाठ फिरवली होती. आपल्या वर्गात घेणे हा सोहळा असतो, पेढे वाटले जातात, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. सांभाळणे मात्र आपत्ती समजली जाते. कर्ज काढून सहा लाख मोजताना हात आखडत नाही, आणि चाळीस हजार कि.मी. झाले म्हणून गिअरबॉक्सचे तेल बदला असे मिस्त्रीने सांगितले की तोच लुटारू ठरतो. शोरूममधील काचेमागच्या टायवाल्याशी घासाघीस करण्याची आपली छाती होत नाही. नाना पेठेतल्या दुकानात मात्र गॅसकेटच्या पन्नास रुपयांवर आपण अर्धा तास घालवतो. हिला काटकसर म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान होय.

ह्या न केलेल्या खर्चाचा शेवट कोठे होतो? तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारण्यात होतो. 'डॉक्टरांची गाडी', 'एकाच हातची', 'फक्त रविवारी निघत असे' ही जुन्या गाड्यांच्या बाजारातील मंत्रपुष्पांजली आहे. २००५ साली मुंबई, २०१९ साली सांगली-कोल्हापूर आणि २०२१ साली चिपळूण पाण्याखाली गेले. पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून पुन्हा बाजारात उभी राहते, हे ह्या धंद्यातला कोणीही सांगेल. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, त्याच्या मुळाशी चिखलाची रेघ सापडते. आसनाखालच्या रुळांवर गंज दिसतो. टायरच्या कडेवरील चार आकडे वाचावे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे सारे घेणाऱ्याने पाहावेच. परंतु घेणाऱ्याला हेरगिरी करावी लागते, कारण विकणारा आपल्यासारखाच एक सुशिक्षित गृहस्थ गप्प असतो.

कोणी म्हणेल, 'बाजाराचा नियमच असा आहे. ज्याने त्याने आपले पाहावे.' हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. कायदादेखील विकणाऱ्यास इतक्या सहजी सोडत नाही. हस्तांतराची खबर विकणाऱ्याने चौदा दिवसांत द्यावी असे १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. आणि ज्याचे नाव नोंदणीत तोच कायद्याने मालक, विकलेल्या गाडीने अपघात केला तरी भरपाईसाठी तोच बांधलेला, हे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. एका कागदाच्या कसुरीसाठी कायदा जर इतका मागे लागतो, तर जाणूनबुजून लपवलेल्या दोषासाठी आपले मन मागे लागू नये काय? त्या शिक्षकाची गाडी घाटात बंद पडली असती, तर कडेवरच्या मुलासह ते तिघे पावसात कोठे उभे राहिले असते, हा प्रश्न कोणत्याही नमुना-अर्जात विचारलेला नसतो.

आमची गाडी अद्याप आमच्याकडेच आहे. २०२५ साली तिला पंधरा वर्षे पूर्ण झाली. तपासणी करून, पाच हजार रुपये शुल्क व पर्यावरण कर भरून आम्ही तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. दरमहा ठराविक रक्कम तिच्या नावाने निराळी ठेवतो. तेव्हापासून तिने 'खर्च काढला' असे घरात कोणी म्हणत नाही. मोठी सेडान लांबच्या वाटेवर जे सुख देते ते खोटे नाही. कंबर अवघडत नाही, वृद्ध माणसास चढउतार सोपी जाते, आणि वाऱ्याचा आवाज बाहेरच राहतो. हे सुख ज्याला हवे, आणि त्याची पुरी किंमत मोजण्याची ज्याची तयारी आहे, त्याने ते बिनदिक्कत घ्यावे. केवळ चिन्हासाठी घेणाऱ्याने छोटी नवी घ्यावी, किंवा बसने जावे. दोन्हींत अब्रू शाबूत राहते.

गाडीच्या कप्प्यात आम्ही एक वही ठेवली आहे. तीत तेल केव्हा बदलले, कोणता भाग कोठून आणला, काय बिघडले आणि काय अजून बिघडलेलेच आहे, हे तारीखवार लिहिलेले आहे. पहिल्या पानावर '२०१९, खंबाटकी' अशी नोंद आहे. गाडी विकण्याचा दिवस आलाच, तर किल्लीच्या आधी ती वही पुढच्या धन्याच्या हाती पडेल. त्यामुळे किंमत पन्नास हजारांनी उतरली तरी चालेल. तेवढी रक्कम आम्ही त्या दिवशी ओसरीवर गप्प राहिल्याबद्दलचा दंड समजू.