आमच्या वाट्याचा पाऊस

मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकाकडे साहित्य मागितले जाते, तेव्हा विषयही सोबतच पाठवला जातो. दंगलीवर लिहा, तलाकवर लिहा, बुरख्यावर लिहा, नाहीतर राष्ट्रीय एकात्मतेवर लिहा. नदीवर लिहा, शिवारातल्या बाभळीवर लिहा, असे पत्र आम्हांला आजवर आलेले नाही. आम्ही आपणहून पावसाची कविता पाठवली तर ती साभार परत येते आणि सोबत सूचना येते की, तुमच्या समाजाचे दाहक अनुभव येऊ द्यात. म्हणजे मराठी साहित्यात पाऊस सर्वांचा, आणि आमच्या वाट्याला फक्त जाळपोळ! ही वाटणी कोणी केली? आणि ती आम्ही का म्हणून मान्य करायची?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. तिथे असा प्रश्न पडत नाही. इस्माईल मेरठींच्या गायीच्या आणि पावसाच्या कविता मुले पिढ्यान्‌पिढ्या पाठ करीत आली. नझीर अकबराबादींनी दोन शतकांपूर्वी ‘बरसात की बहारें’ लिहिली, तेव्हा त्यांच्याकडे कोणी जखमेचा दाखला मागितला नाही. आमचा विद्यार्थी पहिल्या तासाला उर्दूत ‘बरसात’वर निबंध लिहितो आणि दुसऱ्या तासाला मराठीत ‘पावसाळा’ लिहितो. मूल तेच, चिखलाने भरलेली चप्पल तीच. मग हेच मूल मोठे होऊन मराठीत लेखक झाले की त्याचा पावसाळा कुठे जातो?

आमच्याही समाजात काहीजण म्हणतात की, घरे जळत असताना झाडाफुलांवर लिहिणे हा पोट भरलेल्यांचा शौक आहे. या भावांना आम्ही आदराने विचारतो, कुरआनातल्या सूरांची नावे आठवा. नहल म्हणजे मधमाशी, नमल म्हणजे मुंगी, रअद म्हणजे ढगांचा गडगडाट, अंकबूत म्हणजे कोळी, तीन म्हणजे अंजीर. त्याच यादीत कलम आहे. ज्या ग्रंथात लेखणी आणि मुंगी या दोघींच्या नावाने अध्याय आहेत, त्याला मानणाऱ्यांनी मुंगीकडे पाहणे हा शौक कसा समजावा?

आणि निसर्ग म्हणजे काय फक्त फुलपाखरे? आमच्या सांगली-मिरजेकडे या. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरून मिरजेत दंगल पेटली, संचारबंदी लागली. त्याची बातमी देशभर गेली. पुढे २०१६ चा उन्हाळा आला. लातूरला मार्च महिन्यात पाण्याच्या ठिकाणी १४४ कलम लावावे लागले. दंगलीच्या वेळी लागणारे कलम पाण्याच्या टाकीवर लागले! एप्रिलमध्ये याच मिरजेच्या स्थानकातून कृष्णेचे पाणी घेऊन ‘जलदूत’ गाडी लातूरला गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. त्यानंतर तीनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, तीच कृष्णा आमच्या घरात शिरली. सांगलीच्या आयर्विन पुलाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. शाळा उघडल्यावर मुले सांगत होती, कोणाची शिलाई मशीन गेली, कोणाच्या शेळ्या गेल्या, कोणाच्या आजीचे औषध आणि रेशनकार्ड गेले.

आता सांगा, यातला निसर्ग कोणता, हालअपेष्टा कोणत्या आणि सामाजिक अशांतता कोणती? वेगवेगळ्या खणात ठेवून दाखवा! तहानेच्या पोटी भांडण जन्मते. भांडणाने शेजार तुटतो. शेजार तुटला की पुरात हाक मारायला माणूस उरत नाही. हे सगळे एकाच गल्लीत आणि एकाच आयुष्यात घडते. दंगलीचा पंचनामा पोलीस करतात, पुराचा पंचनामा तलाठी करतो. पण दोन्हींच्या मधल्या वर्षांत माणूस जगतो कसा, याचा पंचनामा करण्याचे काम लेखकाचे आहे. ते काम सोडून त्याने फक्त आगीच्या दिवशीच हजर राहावे काय?

१४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरांची आणि मशिदीची मोडतोड झाली. त्यावर लेख आले, निषेध झाले, व्हायलाच हवे होते. पण तो ऐन पावसाळा होता. सह्याद्रीच्या त्या माथ्यावर जुलै कसा कोसळतो हे ज्याला माहीत नाही, त्याला मोडलेल्या दाराचा अर्थ कळणार नाही. कोरडे सरपण, सुके अंथरूण आणि डब्यातले पीठ या तीन गोष्टींवर तिथला पावसाळा निघतो. पाऊस वगळून दंगल लिहिली तर फक्त घोषणा उरतात.

दुसरा एक प्रकार आम्हांला दंगलीइतकाच खुपतो. पुरात टोपीवाला तरुण होडी ओढताना दिसला की त्याचा फोटो छापतात, खाली ‘माणुसकीचे दर्शन’ असे लिहितात. २०१९ ला बकरी ईद १२ ऑगस्टला, म्हणजे पुराच्याच दिवसांत आली. कुर्बानीचा खर्च पूरग्रस्तांकडे वळवणारी माणसे आमच्या पाहण्यातली आहेत. त्यांनी ते फोटोसाठी केले नव्हते. शेजाऱ्याने शेजाऱ्याला छातीभर पाण्यातून बाहेर काढले, यात बातमी कसली? बातमी होते, कारण एरवी तो तरुण त्या गावचा धरलाच जात नाही. दंगलीत तो आरोपी किंवा बळी, पुरात तो आदर्श. फक्त रहिवासी तो कधी असणार?

मिरजेच्या सतारीचे उदाहरण घ्या. पिढ्यान्‌पिढ्या सतारमेकर घराण्यांनी ती घडवली. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिचा भोपळा येतो पंढरपूरच्या बाजूच्या शेतातून. शेतकऱ्याने तो वाढवायचा, उन्हाने सुकवायचा आणि आमच्या कारागिराने त्याला सूर द्यायचा. भोपळ्याच्या वेलाला पाऊस जास्त झाला तर इकडे कारागिराच्या चुलीवर परिणाम होतो. या मातीशी आमचे नाते आहे काय असे विचारणाऱ्याला यापेक्षा वेगळे उत्तर द्यायची गरज नाही. पण हे उत्तर लिहिलेले कुठे आहे? आमच्यापैकी कितीजणांनी लिहिले?

आमच्या पूर्वसुरींनी अशी वाटणी मानली नव्हती. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिला, तो कोणाला विचारून लिहिला नाही. बार्शीच्या अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ कडाडवला आणि आपल्या संग्रहाला नाव दिले ‘धरतीमाता’. हमीद दलवाईंच्या विचारांशी आमच्या अनेक वाचकांचे भांडण आहे, ते असो. पण त्यांच्या ‘इंधन’मध्ये गावातला तणाव कोकणातल्या गावापासून वेगळा काढता येत नाही, हे मान्य करावे लागेल. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते आपले जगणे आपल्या शब्दांत सांगण्यासाठी. जगणे म्हणजे सगळे जगणे. त्यातला एकच कोपरा सांगा, असा ठराव तिथे झालेला नाही.

म्हणून संपादकांना आमचे सांगणे असे की, विषय ठरवून पाठवू नका. दंगल आम्ही लिहूच. ती आमच्या अंगावर आली आहे, तिची आठवण करून द्यायला पत्राची गरज नाही. आणि लिहिणाऱ्या भावा-बहिणींना सांगणे असे की, मागणी तसा पुरवठा हे बाजाराचे काम आहे, अदबचे नव्हे. आपल्या मोहल्ल्यातल्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटते, कब्रस्तानातला कडुनिंब कोणी लावला, पुरानंतर कोणत्या घराने पुन्हा चूल मांडली आणि कोणते घर कायमचे उठून गेले, हे आज आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवा. ती पिढी गेली की सांगणारे कोणी राहणार नाही. पावसाची कविता परत आली तर पुन्हा पाठवा. तीही परत आली तर तिसऱ्यांदा पाठवा.