हा नवा दलाल कोणाचा?



दलाल म्हणजे काय, हे माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. आता एक नवा दलाल दाराशी आला आहे. त्याला भूक नाही, झोप नाही, रुमालाखाली बोटे दाबण्याची गरज नाही. इंग्रजीतही त्याला एजंटच म्हणतात. कालपर्यंतचा संगणक विचारले तेवढे सांगत असे. हा एजंट काम स्वतःच तडीस नेतो. चार बाजारांतले भाव पाहतो, गिऱ्हाइकाला उत्तर देतो, मालाची मागणी नोंदवतो आणि मुभा दिली तर पैसेही चुकते करतो.

आपल्या शेतकरी उत्पादक कंपन्या, डाळमिली, कृषी सेवा केंद्रे, बचत गट यांनी त्याला जवळ करावे काय? आमचे उत्तर सरळ आहे. कामाला ठेवा, पण मुखत्यारपत्र देऊ नका.

यंत्र दिसले की हाय खावी, हा आमचा पंथ नाही. बड्या व्यापाऱ्याकडे दहा कारकून असतात. आपल्याकडे एक पोरगा आणि त्याचा मोबाइल. 2025-26 च्या हंगामात कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करणे भाग पडले. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल होता. पण नाव नोंदले नाही त्याला तो कागदावरच राहिला. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले, 500 कोटी रुपये ठेवले. यंत्र येणारच. व्यापाऱ्याने ते वापरायचे आणि आपण पाटी-पेन्सिल धरून बसायचे, हा शहाणपणा नव्हे.

पण चावी देण्याआधी दोन गोष्टी ऐका.

अँथ्रॉपिक ही असली यंत्रणा बनवणारी अमेरिकेतली कंपनी. 2025 मध्ये तिने आपल्या कचेरीतले छोटे दुकान सुमारे महिनाभर यंत्राच्या हवाली केले. यंत्राने पुरवठादार बरे शोधले. पण लोकांनी गळ घातली की ते सूट देत सुटले, खरेदीपेक्षा कमी दराने माल विकला, नसलेल्या खात्यावर पैसे भरायला सांगितले. दुकान तोट्यात गेले, हे कंपनीनेच जाहीर केले. खर्चापेक्षा कमी भावात विकायला आम्हाला यंत्र कशाला हवे? ते काम आम्ही पिढ्यान्‌पिढ्या करतोच आहोत!

दुसरी गोष्ट कायद्याची. 1872 च्या करार कायद्याचे कलम 213 सांगते, मालकाने मागताच प्रतिनिधीने हिशेब दिला पाहिजे. माणूस-दलालाची कॉलर धरता येते, त्याला कोर्टात खेचता येते. यंत्राला कॉलर नाही. उलट, माहिती तंत्रज्ञान कायदा 2000, कलम 11 प्रमाणे, तुमच्या वतीने आपोआप चालणाऱ्या यंत्रणेने पाठवलेला संदेश तुमचाच धरला जातो. कॅनडात एअर कॅनडाच्या यंत्राने प्रवाशाला भाड्याबद्दल चुकीचे सांगितले. यंत्र आपल्यापुरते जबाबदार आहे, असा बचाव कंपनीने केला. 2024 मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई कंपनीनेच दिली.

समजा, एखाद्या कंपनीच्या यंत्राने मालदांडी शाळू 3749 ऐवजी 2749 ने देण्याचे कबूल केले. शंभर क्विंटलला एक लाखाचा खड्डा. विमान कंपनीला तो खरचटल्यासारखा. जतच्या दोनशे सभासदांच्या कंपनीला मात्र पेरणीचे भांडवल गेल्यासारखा.

आणि सर्वांत मोठा प्रश्न, हा दलाल कोणाचा? अडत्या मध्ये उभा राहतो ही आपली तक्रार कधीच नव्हती. दोन्हीकडून खातो, ही तक्रार होती. बियाणे-औषधाची कंपनी फुकट एजंट देईल, तर तो कोणाची फवारणी सुचवेल? जो त्याला पोसतो, त्याचीच चाकरी तो करणार.

म्हणून जिल्हा बैठकीत चार अटींवर चर्चा व्हावी. एक, भाव पाहणे, हिशेब मांडणे, पत्राचा मसुदा करणे ही कामे यंत्राला खुशाल द्यावीत. सौद्यावर आणि पैशावर शेवटची मान्यता माणसाची. दोन, पैसे देण्याची मुभा द्यायचीच झाली तर वेगळ्या खात्यात बुडाले तरी सोसेल एवढीच रक्कम ठेवावी. तीन, त्याने केलेल्या प्रत्येक व्यवहाराची नोंद मराठीत, सभासदाला वाचता येईल अशी निघावी. चार, माल विकत घेणाऱ्याचा किंवा निविष्ठा विकणाऱ्याचा फुकट एजंट आपल्या कारभारात नको. थोडे पैसे पडले तरी आपला आपण ठेवावा.

सालगडी नवा असला की पहिल्या वर्षी त्याच्या हाती बैल देतो, तिजोरी देत नाही. यंत्रालाही तोच न्याय.